नवी कोंबडी थेट खुराड्यात सोडू नका

जानेवारी 2021 मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात अवघ्या दोन-तीन दिवसांत आठशेच्या वर कोंबड्या दगावल्या. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासले गेले आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. त्यानंतर एक किलोमीटर परिसरातले पक्षी, धडधाकट असले तरी, मारून पुरावे लागले आणि दहा किलोमीटरच्या टापूत पक्ष्यांच्या ने-आणीवर बंदी आली. राज्याला हे नवं नव्हतं. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरलाच झाला होता.

बर्ड फ्लूची बातमी होते. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, होत नाही. पण परसातल्या कोंबड्या बहुतेक वेळा मानमोडीनेच साफ होतात. सकाळी एक कोंबडी पंख पाडून बसते, हिरवट पातळ हगते, मान वाकडी करते आणि आठवड्याभरात खुराडं रिकामं होतं. घरातल्या बाईने अंडी विकून जमवलेला मुलांच्या वह्या-पुस्तकांचा पैसा त्याबरोबर जातो. अशा वेळी मागच्या पंधरा दिवसांत काय घडलं हे विचारलं, तर पुष्कळदा एकच उत्तर मिळतं: बाजारातून किंवा पाहुण्यांकडून दोन नव्या कोंबड्या आणल्या होत्या आणि त्याच संध्याकाळी जुन्यांबरोबर कोंडल्या होत्या.

औंढा नागनाथ तालुक्यातलं सिद्धेश्वर हे पूर्णा नदीवरच्या धरणाचं गाव. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर, अशी ही पूर्णा प्रकल्पाची जोडी. अशा पाण्याकाठच्या गावात कोंबड्यांच्या जोडीला चार बदकं ठेवावीत असं कुणालाही वाटेल. विचार चांगलाच आहे. बदक काटक असतं, खाकी कॅम्पबेलसारखी जात नीट सांभाळली तर वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, आणि परसातल्या गोगलगायी-किडेही वेचून खाते. पण कोंबड्या आणि बदकं एकत्र पाळायची, त्यात नवे पक्षी घालायचे आणि तेही जलाशयाच्या काठावर, म्हणजे तीन जोखमी एकत्र आल्या. त्या टाळण्याचा उपाय जवळजवळ फुकट आहे. त्याला लागतो फक्त धीर.

रोग येतो तो पायांनी

परसातल्या कळपात रोगजंतू बहुधा आणलेल्या पक्ष्याबरोबर, त्याच्या खोक्याबरोबर किंवा मालकाच्या चपलेला चिकटलेल्या विष्ठेबरोबर येतात. ठणठणीत दिसणारा पक्षीही रोग घेऊन येऊ शकतो. मानमोडीची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन ते पंधरा दिवस जातात. रक्ती हगवणीला पाच ते सात दिवस लागतात. बाजारातली तरतरीत तलंग या मधल्या दिवसांत असेल, तर ती आजारी आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

काही रोग तर बरे होऊनही जात नाहीत. श्वसनाचा जुनाट आजार, ज्याला सीआरडी म्हणतात, एकदा होऊन गेलेली कोंबडी वरून बरी दिसते, पण जंतू आयुष्यभर बाळगू शकते. प्रवासाचा, जागाबदलाचा ताण आला की ती शिंकायला लागते आणि दुसऱ्यांना देते. म्हणून चार ठिकाणच्या एकेक कोंबड्या गोळा करण्यापेक्षा एकाच खात्रीच्या घरून चार घेणं केव्हाही बरं.

आणखी एक गोष्ट गावात सगळ्यांना माहीत असते, पण खरेदीच्या वेळी विसरली जाते. एखाद्या वस्तीत मर सुरू झाली की माणसं उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात नेतात. आठवडी बाजारात गावरान कोंबड्या एकाएकी स्वस्त झाल्या, तर त्या दिवशी हात आखडता घ्यावा.

हातात घेऊन पाहा

पक्षी विकत घेताना तो डालग्यात बघून पैसे देऊ नयेत. हातात घ्यावा आणि डोक्यापासून नखापर्यंत पाहावा.

डोळे कोरडे आणि चमकदार हवेत. कडेला फेस, पाणी किंवा सूज असेल तर पक्षी खाली ठेवावा. नाकपुड्या स्वच्छ हव्यात. चोचीशी कान नेऊन श्वास ऐकावा. घुरघुर, शिट्टीसारखा आवाज किंवा शिंक आली तर तो पक्षी नको. तुरा आणि गलोल लालसर हवी. निळसर किंवा पांढुरकी छटा, खपल्या, देवीचे फोड दिसता कामा नयेत. छातीचं मधलं हाड बोटांनी चाचपावं. दोन्ही बाजूंना मांस लागलं पाहिजे. हाड सुरीसारखं धारदार हाताला लागलं, तर आत जंत किंवा जुना आजार आहे.

मग पक्षी उलटा करून शेपटीखालची पिसं बाजूला सारावी. ती कोरडी असावीत. विष्ठा चिकटलेली असेल तर हगवण आहे. तिथेच पिसांच्या मुळाशी उवांच्या अंड्यांचे पांढुरके पुंजके दिसतात. शेवटी पाय. खवले एकसारखे, चापून बसलेले हवेत. खवले उचलले गेलेत, खाली पांढरी भुकटी साचलीय, असं दिसलं तर त्यात सूक्ष्म किडे आहेत आणि ते दांड्यावर शेजारी बसणाऱ्या कोंबडीला लागतात. बदकाचा पाय पाहताना तळव्याला फोड किंवा गाठ नाही ना, आणि ते सरळ चालतं ना, हे बघावं.

एवढं पाहायला पाच मिनिटं पुरतात. जो विक्रेता ती देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

तीस दिवस वेगळं

पक्षी घरी आला की त्याचा मुक्काम वेगळा. किमान तीस दिवस. बहुतेक रोगांचा लक्षणं दिसण्यापूर्वीचा काळ तीन आठवड्यांच्या आत संपतो. वरचा आठवडा ताणाने दबलेला आजार बाहेर येण्यासाठी आणि औषध-लस अंगी लागण्यासाठी.

वेगळं म्हणजे त्याच खुराड्यात जाळी लावून नव्हे. किमान तीस फुटांचं अंतर हवं, आणि वारा नव्या पक्ष्यांकडून जुन्यांकडे वाहणार नाही अशी जागा हवी. घराच्या दुसऱ्या अंगाला जागा असेल तर उत्तम. नसेल तर शेतातल्या आखाड्यावर महिनाभर सोय करावी. ऊन-पाऊस, मुंगूस आणि बोका यांपासून आडोसा झाला की पुरे.

रोजच्या कामात एक क्रम पक्का करावा. आधी जुन्या कळपाचं दाणापाणी, मग नव्यांचं. उलट कधीच नाही. नव्यांची भांडी, झाडू, चपला वेगळ्या. त्यांच्याकडून आल्यावर हात साबणाने धुवायचे. वेगळ्या जागेच्या तोंडाशी चुना पसरावा आणि त्यावरून पाय टाकूनच आत-बाहेर करावं. लहान मुलांना दोन्हीकडे खेळायला जाऊ देऊ नये, कारण सगळी शिस्त तिथेच मोडते.

या महिन्यात चार कामं उरकून घ्यायची. पहिले दोन-तीन दिवस विश्रांती, स्वच्छ पाणी आणि पूर्वीच्या घरी मिळत होतं तेच खाद्य. बदल करायचा तो हळूहळू. मग जंताचं औषध. मग उवा-गोचिडांची तपासणी आणि पशुवैद्यक सांगेल ती पावडर. पायांचे खवले उचलले गेले असतील तर त्यांवर तेल चोपडत राहावं, त्याने किडे गुदमरतात. आणि चौथं, सर्वांत महत्त्वाचं, लस.

पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटा लशीचा थेंब देतात. गंबोरो रोगाची लस साधारण दुसऱ्या आठवड्यात, देवीची सहाव्या आठवड्याच्या सुमारास आणि मानमोडीची आर-टू-बी ही टोचायची लस आठव्या आठवड्यात. मोठी कोंबडी आणली आणि तिला लस दिल्याची खात्री नसेल, तर ती दिलेलीच नाही असं धरावं. आजारी पक्ष्याला लस देऊ नये. दिल्यावर अंगात प्रतिकारशक्ती यायला दहा-पंधरा दिवस लागतात, म्हणून तीस दिवसांच्या पहिल्या आठवड्यातच हे काम झालं पाहिजे. नव्यांबरोबर जुन्यांचीही लस राहिली असेल तर तीही उरकावी, कारण जुनी कोंबडीदेखील नवीला रोग देऊ शकते.

अडचण अशी की लशीच्या एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस असतात. ती बर्फात ठेवूनच आणावी लागते आणि द्रावण तयार केल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते. सात कोंबड्यांसाठी बाटली फोडणं कुणालाच परवडत नाही. त्यावर उपाय गावानेच काढायचा: दहा-पंधरा घरांनी एक दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी नोंद द्यावी आणि पहाटे कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी सगळ्या घरांत लस टोचून घ्यावी.

बदकांचा हिशेब वेगळा

बदकाच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही. बर्ड फ्लूचे विषाणू पाणपक्ष्यांच्या शरीरात राहतात आणि पुष्कळदा त्यांना काहीच होत नाही. मानमोडीच्या विषाणूलाही बदक सहसा बळी पडत नाही, पण तो बाळगू शकतं. म्हणजे वेगळ्या ठेवलेल्या कोंबडीने तीस दिवस तब्येत राखली तर तो मोठा पुरावा; बदकाने राखली तर तो अर्धाच पुरावा.

उरलेला अर्धा मिळवण्यासाठी एक जुनी युक्ती आहे. शेवटच्या दहा-बारा दिवसांत आपल्या कळपातली एखादी कोंबडी नव्या बदकांच्या सोबतीला ठेवायची. बदकांनी काही आणलं असेल, तर ते तिच्यात दिसेल आणि बाकीचा कळप वाचेल. ती खात-पीत ठणठणीत राहिली, तर पुढचं पाऊल टाकायला हरकत नाही.

सिद्धेश्वरसारख्या ठिकाणी एक पथ्य अधिक. हिवाळ्यात मराठवाड्याच्या जलाशयांवर चक्रवाक, थापट्या यांसारखी स्थलांतरित बदकं उतरतात. त्यांचं येणं हे आपलं वैभवच आहे. त्यांना हुसकावू नये. पण पाळीव बदकं त्यांच्यात मिसळू देऊ नयेत. धरणाच्या पाण्यात पोहून संध्याकाळी खुराड्यात परतणारं बदक हे रोजच नवा पक्षी कळपात घालण्यासारखं आहे, आणि मग तीस दिवसांच्या मेहनतीला अर्थ उरत नाही. बदकाला अंडी घालण्यासाठी तळं लागत नाही. डोकं आणि नाकपुड्या बुडतील एवढं खोल घमेलं पुरतं. परसात छोटा खड्डा करून पाणी बदलत राहिलं तर ती खूश. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात बाहेरून नवं बदक आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोघांच्या खाण्यापिण्यातही फरक आहे. बदक पाण्यात चोच घालून सगळीकडे शिंतोडे उडवतं. ओल्या तुसात अमोनियाचा उग्र वास सुटतो, कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात आणि रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. म्हणून बदकांचं पाणी खुराड्याबाहेर, उतारावर ठेवावं आणि रात्रीच्या जागा निदान जाळीने वेगळ्या कराव्यात. कोंबड्यांना बसायला दांडा लागतो, बदकं जमिनीवरच बसतात. एकाच जागी कोंडली तर वरची घाण खालच्यांवर पडते. बदकाच्या पिलांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलांपेक्षा जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकतात. आणि बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड बदकांना मुळीच घालू नये. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष कोंबडीपेक्षा बदकाच्या पिलांना फार लवकर मारतं.

नर बदकाकडेही लक्ष हवं. पाच-सहा माद्यांमागे एक नर हे प्रमाण ठीक. माद्या कमी पडल्या तर नर कोंबड्यांवर चढतो. बदकाच्या नराची शरीररचना कोंबड्यापेक्षा वेगळी असल्याने कोंबडीला आतून इजा होते, कधी ती मरतेही. असा नर दिसला तर त्याला लगेच वेगळं काढावं.

ओळख सावकाश

तीस दिवस निर्धोक गेले म्हणजे रोगाचा प्रश्न सुटला, भांडणाचा नाही. कोंबड्यांच्या कळपात कोण कुणाला चोच मारू शकते याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ थॉर्लेफ शेल्डरुप-एब्बे यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला ती प्रथम शास्त्रशुद्ध मांडली. नवा पक्षी आला की ही सगळी उतरंड पुन्हा ठरवावी लागते, आणि ती चोचीनेच ठरते.

म्हणून आधी आठवडाभर नुसतं दिसू द्यावं. नव्यांना जुन्यांच्या शेजारी जाळीआड ठेवावं आणि दोन्हीकडचे दाणे जाळीलगत टाकावेत. एकमेकांच्या समोर खायची सवय झाली की निम्मं काम झालं.

मग एका सकाळी जुन्या कोंबड्या चरायला बाहेर गेल्यावर नव्यांना अंगणात सोडावं. खुराड्यात कधीही नाही. तिथे पळायला जागा नसते. एकटा पक्षी सोडू नये, निदान दोन-तीन एकत्र सोडावेत, म्हणजे मार वाटला जातो. दाण्याची आणि पाण्याची भांडी पक्ष्यांच्या गटांपेक्षा एक-दोन जास्त ठेवावीत आणि लांब लांब ठेवावीत, म्हणजे एकच दांडगी कोंबडी सगळ्यांवर पहारा देऊ शकत नाही. कोपऱ्यात तुराट्यांची मोळी, उलटं टोपलं, फळी असं काही ठेवावं; हरलेल्या पक्ष्याला लपायला जागा मिळाली की भांडण थांबतं.

पहिला तासभर तिथेच बसून पाहावं. जुनी कोंबडी मानेची पिसं फुलवून समोर येते, ताठ उभी राहते. नवी डोकं खाली घालते, दोन पावलं मागे जाते. एक टोच बसते, नवी पळते, जुनी चार पावलं पाठलाग करून परत दाण्याकडे वळते. हे व्हायलाच हवं; मध्ये पडू नये. पण हरलेली कोंबडी कोपऱ्यात दबून बसली आणि तिच्यावर दोघी-तिघी तुटून पडल्या, किंवा रक्त दिसलं, तर ताबडतोब उचलावं. लाल रंग दिसला की सगळ्या तिथेच टोचतात आणि थांबत नाहीत. जखम धुऊन हळदीचा लेप लावावा, हळदीच्या या मुलखात तिची वानवा नाही, आणि भरून येईपर्यंत तिला वेगळं ठेवावं. उलट, जुन्यांपैकी एकच दांडगी सगळ्यांना छळत असेल तर तिलाच चार दिवस दुसरीकडे ठेवावं. परत आल्यावर ती नवखी ठरते आणि तिचा जोर उतरतो.

दिवसा अंगणात जमायला लागलं की तिन्हीसांजेनंतर, अंधार पडल्यावर, नव्यांना हळूच दांड्यावर बसवावं. सकाळी सगळ्या एकत्र उठतात आणि घरच्यासारख्या बाहेर पडतात. पहिले काही दिवस पहाटेच दार उघडावं. बदकांना मात्र आठ-नऊपर्यंत आतच ठेवावं, कारण ती अंडी भल्या पहाटे घालतात. लवकर सोडली तर अंडी झुडपांत सापडतात.

वयाचंही पथ्य आहे. पिलं निम्मीअर्धी वाढल्याशिवाय, म्हणजे साधारण तीन महिन्यांची होईपर्यंत, मोठ्यांत मिसळू नयेत. आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असताना हे काम काढूच नये. उन्हाचा ताण आणि भांडणाचा ताण एकदम सोसत नाही.

अंड्यातून वाढवलेला कळप

कळप वाढवायचा असेल तर सर्वांत कमी जोखमीची वाट आपल्या आजीला ठाऊक होती: खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवणं. मोठा पक्षी आणण्यापेक्षा निरोगी कळपातली अंडी आणली तर कितीतरी रोग बाहेरच राहतात. कोंबडीची पिलं एकवीस दिवसांत निघतात, बदकाची साधारण अठ्ठावीस दिवसांत. खाकी कॅम्पबेल बदक सहसा अंड्यांवर बसत नाही, पण गावरान कोंबडी बदकाचीही अंडी उबवते. अंडी मोठी असल्याने संख्या कमी ठेवावी आणि दोन्ही प्रकारची अंडी एकत्र ठेवू नयेत, नाहीतर आधीची पिलं निघताच ती उठते. आईबरोबर वाढलेल्या पिलांना कळपही सहज सामावून घेतो.

गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींची एक दिवसाची पिलं हवी असतील, तर ती खात्रीच्या उबवणी केंद्रातूनच घ्यावीत. छत्रपती संभाजीनगरला शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे आणि परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय. सल्ल्यासाठी लांब जावं लागत नाही.

मर दिसली तर

एवढं करूनही एकाएकी दोन-तीन पक्षी मेले, तर लपवू नये. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मेलेला पक्षी उकिरड्यावर, ओढ्यात किंवा धरणात टाकू नये, कुत्र्याला घालू नये, आजारी पक्षी कापून खाऊ नये, उरलेले बाजारात नेऊ नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा 1962 या क्रमांकावर कळवावं आणि ते येईपर्यंत मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातांनी शिवू नये. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने अशी खबर देणं बंधनकारक केलं आहे. त्यात मालकाचाही फायदा आहे: बर्ड फ्लूच्या मोहिमेत शासन भरपाई देतं ती मारून टाकाव्या लागलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. उशिरा कळवणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही.

परसातल्या दहा कोंबड्या आणि चार बदकं ही हिशेबाच्या वहीत छोटी नोंद असेल, पण ज्या घरात रोखीचा दुसरा स्रोत नाही तिथे ती बँकच असते. म्हणून सिद्धेश्वर आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांना विनंती आहे की वर्षातून दोनदा गावाचा लसीकरणाचा दिवस ठरवा आणि गावात येणाऱ्या प्रत्येक नव्या पक्ष्यासाठी तीस दिवसांचा नियम सगळ्या घरांनी मिळून पाळा. एका घराने पाळून भागत नाही. कोंबड्यांना शेजाऱ्याचं कुंपण दिसत नाही.